राजवाड्यातले देहदर्शन : फ्लॉरेन्सचे ‘ला स्पेकोला’ संग्रहालय

इटलीतील फ्लॉरेन्स शहरात आर्नो नदीच्या दक्षिण तीरावर पित्ती राजवाडा आहे. तस्कनी प्रांताचे अधिपती, म्हणजे तेथील ग्रँड ड्यूक, या राजवाड्यात राहत. राजवाड्याला लागून बोबोली नावाची विस्तीर्ण राजबाग असून तिच्या कडेला, व्हिया रोमाना या रस्त्यावर, तोरिज्यानी घराण्याचा जुना वाडा उभा आहे. १७७१ साली ग्रँड ड्यूक पिएत्रो लेओपोल्दो याने तो विकत घेतला आणि राजघराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जमविलेले शंख-शिंपले, खनिजे, जीवाश्म, प्राण्यांचे सांगाडे, भौतिकशास्त्राची उपकरणे असा सारा संचय तेथे हलविण्यास आरंभ केला. २१ फेब्रुवारी १७७५ रोजी या वाड्याचे दार जनतेसाठी उघडले. पुढे वाड्यावर ग्रहताऱ्यांचे वेध घेण्यासाठी मनोरा बांधण्यात आला. वेधशाळेला इटालियन भाषेत ‘स्पेकोला’ म्हणतात, म्हणून सबंध संग्रहालयालाच लोक ‘ला स्पेकोला’ म्हणू लागले. आज ते फ्लॉरेन्स विद्यापीठाच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाचा एक भाग आहे.

आपल्या शाळेच्या स्मरणिकेत इतक्या दूरच्या वाड्याचा अभ्यास कशासाठी, असे काही पालक विचारतील. या वाड्यातील कित्येक दालने मानवी देहाच्या मेणाच्या प्रतिकृतींनी भरलेली आहेत. त्वचा बाजूला सारून आत काय आहे ते तेथे उघड मांडलेले आहे. आपल्या मुलांना शाळेत एका तासाला शरीरशास्त्र शिकवले जाते आणि संध्याकाळच्या वंदनेनंतर कायानुपश्यनेविषयी, म्हणजे देहाकडे सजगपणे पाहण्याविषयी, सांगितले जाते. हे दोन तास एकमेकांना कधी भेटत नाहीत. ते भेटावेत यासाठी स्पेकोलासारखे दुसरे उदाहरण आम्हांस सापडले नाही. शिवाय या संग्रहालयाच्या दारावर एक नियम होता, त्याचाही विचार आपल्या समाजाने करावा असे आम्हांस वाटते. त्याकडे पुढे येऊ.

प्रथम संग्रहाची हकिकत. मेदिची हे फ्लॉरेन्सचे सावकार घराणे पुढे राजघराणे बनले. चित्रे आणि शिल्पे यांइतकीच त्यांना निसर्गातील नवलाच्या वस्तूंची हौस होती. सतराव्या शतकात त्यांच्या पदरी एक पाणघोडा होता, तो बोबोली बागेत राहत असे, असे सांगतात. मेल्यावर त्याच्या कातड्यात भुसा भरून तो जतन करण्यात आला आणि आजही तो स्पेकोलात उभा आहे. अंबॉन बेटावर डच कंपनीच्या चाकरीत असलेला निसर्गअभ्यासक रुम्फियस याने जमविलेले शिंपले १६८२ साली तिसऱ्या कोसिमोने विकत घेतले. राजाने दुर्मीळ वस्तू गोळा कराव्यात, पाहुण्यांस दाखवाव्यात आणि त्यांच्या आश्चर्याने आपली शोभा वाढवावी, ही रीत जगभरच्या राजवाड्यांतून सारखीच आहे. तिचे फारसे कौतुक करण्याचे कारण नाही.

कौतुक करावे ते याच दरबाराच्या आश्रयाने केलेल्या दोन कामांचे. १६६६ साली लिव्होर्नो बंदराजवळ एक प्रचंड शार्क मासा पकडला गेला. त्याचे डोके फ्लॉरेन्सला आणवून निकोलस स्टेनो या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाकडे विच्छेदनासाठी देण्यात आले. खडकांत सापडणारे जिभेच्या आकाराचे काही दगड तेव्हा औषधी व चमत्कारी मानले जात. ते आकाशातून पडतात असे कोणी म्हणत, जमिनीत आपोआप उगवतात असे कोणी म्हणत. स्टेनोने माशाचे दात आणि हे दगड शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि ते दगड म्हणजे फार पूर्वीच्या शार्क माशांचे दात आहेत असे दाखविले. मग ते डोंगरातल्या खडकांत कसे गेले, या प्रश्नातून त्याने खडकांच्या थरांचा विचार मांडला आणि भूशास्त्राचा एक पाया घातला गेला.

दुसरे काम फ्रांचेस्को रेदी या राजवैद्याचे. कुजलेल्या मांसातून अळ्या आपोआप जन्माला येतात, ही समजूत युरोपात दोन हजार वर्षे चालत आलेली होती. थोर ग्रंथकारांनी ती लिहून ठेवली होती, आणि कोणत्याही गृहिणीच्या स्वयंपाकघरात तिचा पुरावाही दिसत होता. रेदीने काही पात्रांत मांस ठेवले. त्यांतली काही उघडी ठेवली, तर काहींची तोंडे बारीक जाळीच्या वस्त्राने बांधली. उघड्या पात्रांत माश्या बसल्या आणि अळ्या झाल्या. बांधलेल्या पात्रांतले मांस कुजले, पण त्यात अळी झाली नाही. १६६८ साली त्याने हे प्रयोग प्रसिद्ध केले. सातवी-आठवीच्या मुलांनी हा प्रयोग परीक्षेपुरता पाठ करू नये, त्यातील वस्त्राच्या तुकड्याकडे नीट पाहावे असे आम्ही त्यांना सांगतो. परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरूने सांगितले म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नका, असा उपदेश तथागतांनी कालाम लोकांना केला होता. रेदीला कालाम ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरी त्याच्या हातातला तो वस्त्राचा तुकडा त्याच जातीचा होता.

१७३७ साली मेदिची घराण्याचा शेवटचा पुरुष निपुत्रिक वारला आणि तस्कनी लोरेन घराण्याकडे गेली. त्या वेळी घराण्यातील अखेरची स्त्री आना मारिया लुईसा हिने करार करून घेतला की मेदिचींचा सारा संग्रह राज्याचा राहील, तो फ्लॉरेन्सच्या बाहेर जाणार नाही आणि लोकांच्या उपयोगी पडेल. सोने-नाणे मागण्याऐवजी तिने ही अट घातली. संग्रहालयाच्या इतिहासात राजांची नावे मोठ्या अक्षरांत येतात. आमच्या मते या बाईचे नाव आधी यावे.

लोरेन घराण्यातील पिएत्रो लेओपोल्दो १७६५ मध्ये गादीवर आला. तो सुधारक राजा होता. ३० नोव्हेंबर १७८६ रोजी त्याने नवा फौजदारी कायदा लागू करून तस्कनीत देहदंडाची शिक्षा आणि कैद्यांचा शारीरिक छळ दोन्ही रद्द केले. युरोपातील एखाद्या राज्याने देहदंड कायद्याने सर्वस्वी बंद करण्याचे हे पहिले उदाहरण मानले जाते. ज्या राजाने मनुष्यदेहाची राज्याकडून होणारी विटंबना थांबविली, त्यानेच मनुष्यदेह समजून घेण्यासाठी वाडा विकत घेतला, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या ध्यानात राहावी.

या वाड्याचा पहिला संचालक फेलिचे फोंताना हा भौतिकशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र या दोन्ही विषयांत निष्णात होता. नागसापांच्या आपल्या मुलखातील वाचकांना हे सांगितले पाहिजे की व्हायपर जातीच्या सापाच्या विषावरील त्याचे प्रयोग हे विषशास्त्रातील आरंभीचे पद्धतशीर काम समजले जाते. त्याची मनीषा अशी होती की मानवी शरीराचा प्रत्येक भाग मेणात इतका हुबेहूब घडवावा की विद्यार्थ्याला प्रेत फाडण्याची गरजच पडू नये. प्रेत कुजते, त्याला दुर्गंधी येते, आज पाहिलेली शीर उद्या ओळखू येत नाही, आणि ते एका वेळी चार-दोन जणांनाच दिसते. मेण मात्र टिकते आणि शेकडो लोकांना तेच पुन्हा पुन्हा दाखविता येते.

म्हणून वाड्यातच मेणकामाचा कारखाना सुरू झाला. १७७३ साली क्लेमेंते सुसीनी नावाचा तरुण मूर्तिकार तेथे कामाला लागला. पुढे तोच प्रमुख मेणकार झाला. कामाची रीत अशी होती. शरीरशास्त्रज्ञ विच्छेदन करून हवा तो अवयव मोकळा करी. मूर्तिकार त्यावरून, किंवा त्याची मातीची प्रतिकृती करून तिच्यावरून, प्लास्टरचा साचा घेई. मधमाश्यांचे शुभ्र केलेले मेण, राळ, टर्पेंटाइन आणि रंग यांचे मिश्रण मंद आचेवर वितळवून ते साच्यात थर देत ओतले जाई. यकृताचा रंग वेगळा, फुप्फुसाचा वेगळा, म्हणून प्रत्येकाचे मिश्रण वेगळे. बारीक रक्तवाहिन्या व मज्जातंतू साच्यातून निघत नाहीत. त्यांसाठी सूत किंवा रेशमाचे धागे आणि तारा मेणात बुडवून एकेक करून बसविल्या जात. शेवटी वार्निशाचा हात दिला की अवयव नुकताच ओला काढल्यासारखा चमके. सारे आयुष्य रसवाहिन्यांच्या अभ्यासाला वाहिलेला पाओलो मास्कान्यी याच्या संशोधनावरून घडविलेल्या रसवाहिन्यांच्या प्रतिकृती पाहिल्या, तर माणसाने हे हाताने केले यावर चटकन विश्वास बसत नाही. आज तेथे लहानमोठ्या सुमारे १४०० मेणाच्या वस्तू आहेत.

या मांडणीतील एक बाब शिक्षकांच्या उपयोगाची आहे. प्रत्येक प्रतिकृतीजवळ भिंतीवर तिचे रंगीत चित्र टांगलेले असे. चित्रात प्रत्येक भागाला क्रमांक, आणि त्या क्रमांकांचा खुलासा करणारी पत्रके जवळच्या खणात ठेवलेली असत. म्हणजे पाहणाऱ्याने आधी वस्तू पाहावी, मग चित्र, मग शब्द. आपल्याकडे पाठ्यपुस्तकांतून शिकताना हा क्रम नेमका उलटा होतो. मुलाला ‘प्लीहा’ हा शब्द लिहिता येतो, पण स्वतःच्या शरीरावर ती कोठे असेल तेथे हात ठेव म्हटले तर हात भलतीकडेच जातो.

आता दारावरच्या नियमाकडे. संग्रहालय सर्वांसाठी खुले होते आणि त्या काळी ही गोष्ट असाधारण होती, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि आरंभीच्या नियमानुसार सामान्य लोकांनी सकाळी आठ ते दहा या वेळात यावे आणि त्यांचे कपडे स्वच्छ असावेत, अशी अट होती. त्यानंतरची वेळ समंजस व सुशिक्षित लोकांसाठी राखलेली होती.

हा नियम वाचताना आपल्यातील जुन्या मंडळींना काय आठवेल हे आम्ही जाणतो. मात्र साम्य ताणू नये. फ्लॉरेन्सच्या मजुराने कपडे धुतले की त्याला आत जाता येत होते. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर आपल्या आजोबा-पणजोबांनी पाणी घेतले, तेव्हा त्यांचे कपडे किती स्वच्छ होते हे कोणी विचारले नाही. तळे बाटले म्हणून त्याचे शुद्धीकरण करण्यात आले. कपड्याची अट माणसाला पुरी करता येते, जन्माची करता येत नाही. हा भेद लहान नाही. तरीदेखील ज्ञानाच्या दारात दोन वेळा ठरवल्या की एका वेळेचा माणूस कमी प्रतीचा ठरतो, हेही तितकेच खरे.

आणि या नियमाला आणखी एक अंग आहे, ज्याचा उल्लेख संग्रहालयाची वर्णने वाचताना सहसा होत नाही. मेणाच्या या प्रतिकृती ज्या प्रेतांवरून घडल्या, ती आली कोठून? शहरातल्या सांता मारिया नुओवा या जुन्या धर्मादाय इस्पितळातून. हे इस्पितळ १२८८ सालापासून गोरगरिबांची शुश्रूषा करीत आले होते. श्रीमंत माणूस आपल्या घरी मरे आणि चर्चमध्ये पुरला जाई. इस्पितळात मरणारे बहुतेक गरीब असत. एका पूर्णाकृती पुतळ्यासाठी एक प्रेत पुरत नसे, कारण एकेका थराचे काम होईपर्यंत देह कुजे. मग दुसरे आणावे लागे, तिसरे आणावे लागे. म्हणजे सकाळी आठच्या वेळेला धुतलेले कपडे घालून आलेला मजूर ज्या यकृताकडे तोंडात बोट घालून पाहत होता, ते त्याच्याच गल्लीतील कोणाच्या तरी यकृतावरून घडलेले असण्याचा संभव अधिक होता. त्या माणसांची संमती कोणी घेतली नाही. त्यांची नावे कोठल्याही कपाटावर नाहीत.

आपल्या देशातील हकिकत याहून निराळ्या वळणाने गेली. सुश्रुतसंहितेत शवविच्छेदनाची रीत सांगितलेली आहे: प्रेत गवत-वल्कलांत गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून, वाहत्या पाण्यात काही दिवस भिजवावे आणि नंतर कुंचल्याने हळूहळू घासत एकेक थर डोळ्यांनी पाहावा. पुढे शवाचा स्पर्श विटाळ ठरला, आणि ज्यांनी वैद्यकग्रंथ पाठ केले त्यांनी देह उघडून पाहणे सोडून दिले. १८३६ साली कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केले, तेव्हा ती मोठी क्रांती मानली गेली. मधल्या शतकांत या देशात देहाच्या आतले कोणी पाहतच नव्हते काय? पाहत होते. गावची मेलेली गुरे ओढून नेणारे, ती सोलणारे, त्यांचे कातडे कमावणारे आमचे पूर्वज पाहत होते. पित्ताशय कोठे असते, आतड्याची लांबी किती, आजारी जनावराचे काळीज कसे दिसते, हे त्यांच्या हातांना ठाऊक होते. पण त्या हातांना पाटी मिळाली नाही आणि ज्यांच्याकडे पाटी होती त्यांनी हात लावला नाही. फोंतानाच्या कारखान्यात शरीरशास्त्रज्ञ आणि कारागीर एका मेजावर बसले, त्यामुळे १४०० प्रतिकृती झाल्या. आपल्याकडे ते मेज कधी मांडलेच गेले नाही. महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडून देण्याचे आवाहन केले आणि सक्तीच्या घाणेरड्या कामांतून आपली सुटका करण्यासाठी आयुष्यभर झगडले, ते योग्यच होते. त्या कामातील ज्ञान मात्र कोणी टिपून ठेवले नाही, याची खंत वाटते. आज शवविच्छेदनाच्या मेजाशी आपल्या समाजातील विद्यार्थी डॉक्टर होण्यासाठी उभा राहतो, तेव्हा त्याने ही हकिकत जाणून असावे.

संग्रहालयात सुसीनीच्या आधीच्या काळातील एका कारागिराचेही काम आहे. गाएतानो झुंबो हा सिसिलीचा. सतराव्या शतकाच्या अखेरीस त्याने तिसऱ्या कोसिमोसाठी मेणाचे छोटे छोटे देखावे तयार केले. एकात प्लेगने मेलेल्यांचा ढीग आहे. दुसऱ्यात प्रेते कुजण्याच्या अवस्था दाखविल्या आहेत: ताजे प्रेत, निळसर फुगलेले प्रेत, किडे पडलेले प्रेत आणि शेवटी हाडे. महासतिपट्ठान सुत्तात स्मशानातील देहाच्या ज्या नऊ अवस्थांवर चिंतन करण्यास सांगितले आहे, त्या ज्याने वाचल्या असतील त्याला हे देखावे ओळखीचे वाटतील. झुंबोचा हेतू मात्र वेगळा होता. त्याच्या काळच्या ख्रिस्ती मनाला मृत्यूची भीती दाखवून पापापासून परावृत्त करायचे होते. सुत्तात भीती नाही. तेथे भिक्षूने प्रेत पाहायचे आणि आपला देहही याच स्वभावाचा आहे एवढेच शांतपणे जाणायचे.

सुसीनीची सर्वांत प्रसिद्ध कृती म्हणजे ‘व्हीनस’ या नावाने ओळखली जाणारी स्त्रीप्रतिमा. ती रेशमी गादीवर पहुडलेली आहे; डोक्यावर खरे केस, गळ्यात मोत्यांची माळ. तिच्या छातीपोटावरचे आवरण उचलता येते आणि आत थरामागून थर उलगडत, सात थरांनंतर, गर्भाशयातील इवल्या गर्भापर्यंत पोहोचता येते. कौशल्य अजोड आहे. पण मोत्यांची माळ कशासाठी? पुरुषांच्या पुतळ्यांना असा साज नाही. ज्ञान देण्याच्या निमित्ताने स्त्रीदेह असा नटवून मांडणे आम्हांस खटकते, आणि मुलांना चित्र दाखविताना आम्ही ही गोष्ट बोलून दाखवितो. आमच्या वर्गातील मुलींनी ती आमच्याआधीच ओळखली होती, हे नमूद केले पाहिजे.

फ्रेंच राज्यक्रांतीनंतर देश सोडून इटलीत आलेली चित्रकर्ती एलिझाबेथ विजे ल ब्रँ हिला फोंतानाने स्वतः हे संग्रहालय दाखविले. आठवणींत तिने लिहिले आहे की त्या दर्शनाचा तिच्यावर फार खोल परिणाम झाला. पुढे कित्येक दिवस समोर आलेला मनुष्य तिला त्वचेशिवायच दिसू लागला आणि तिला अतिशय अस्वस्थ वाटू लागले. माणसांची सुंदर चित्रे काढण्यावर जिची उपजीविका, तिचे असे व्हावे हे स्वाभाविक होते.

याच्या शेजारी आम्ही विसुद्धिमग्गातील महातिस्स थेरांची कथा ठेवतो. श्रीलंकेत चेतियपर्वताहून अनुराधपुराकडे भिक्षेसाठी जात असता वाटेत एक नटलेली स्त्री थेरांना पाहून मोठ्याने हसली. थेरांनी वर पाहिले तो त्यांना तिचे दात दिसले, आणि दातांवरून सबंध हाडांचा सांगाडा. मागाहून तिचा नवरा शोधत आला आणि एखादी बाई या वाटेने गेली का असे विचारू लागला. थेरांनी सांगितले की बाई गेली की बुवा गेला हे मला ठाऊक नाही, हाडांचा एक सांगाडा मात्र या रस्त्याने गेला. दोघांनीही माणसाला त्वचेपलीकडे पाहिले. चित्रकर्तीच्या मनाची त्यासाठी तयारी नव्हती, थेरांची अनेक वर्षांची होती. म्हणून शरीराचे सत्य मुलांना दाखविताना त्यांच्या मनाची तयारी करणे हेही शिक्षकाचे काम आहे. लहान वर्गांत झुंबोचे देखावे दाखवू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

फोंतानाला स्वतःला मेणाने पूर्ण समाधान दिले नाही. मेणाची वस्तू पाहता येते, पण विद्यार्थ्याला ती हातात घेऊन उघडता-जोडता येत नाही. ती मोडते, उन्हाळ्यात मऊ पडते. म्हणून उतारवयात त्याने असंख्य सुट्या भागांचा लाकडी मनुष्य घडविण्याचा ध्यास घेतला. लाकूड हवेतील ओलाव्याने फुगते आणि भाग एकमेकांत बसेनासे होतात. ती योजना फसली. आज शाळांच्या प्रयोगशाळांत प्लास्टिकचे जे सुटे होणारे धड असते, त्याची कल्पना फोंतानाची होती, साहित्य मात्र त्याला मिळाले नाही. मेणाच्या प्रतिकृतींना दूरवरून मागणी आली. लेओपोल्दोचा भाऊ सम्राट दुसरा जोसेफ याने व्हिएन्नातील लष्करी शल्यचिकित्सकांच्या विद्यालयासाठी १,१९२ नग करवून घेतले, आणि ते खेचरांच्या पाठीवरून आल्प्स पर्वत ओलांडून नेण्यात आले. १८४१ साली याच वाड्यात गॅलिलिओच्या स्मरणार्थ एक भव्य दालन उभारले गेले. ज्याला १६३३ मध्ये धर्मसत्तेने शिक्षा केली, त्याची उपकरणे तेथे देवघरातल्या वस्तूंप्रमाणे मांडली गेली. नंतर ती शहरातील दुसऱ्या संग्रहालयात हलविण्यात आली. दुरुस्तीसाठी काही वर्षे बंद असलेले स्पेकोला फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा उघडले आहे. आपले काही माजी विद्यार्थी युरोपात शिकत वा नोकरी करीत असतील, त्यांनी फ्लॉरेन्सला गेल्यास चित्रशाळांतून एक सकाळ वाचवून तेथे जावे.

आता मूळ मुद्दा, तो दोन तासांच्या भेटीचा. तथागतांनी देहाच्या अवयवांकडे पाहण्यासाठी जी उपमा दिली ती धान्याच्या पिशवीची आहे. दोन्हीकडे तोंड असलेली, नाना तऱ्हेच्या धान्यांनी भरलेली पिशवी डोळस माणूस उघडतो आणि हे भात, हे मूग, हे उडीद, हे तीळ असे निवडून पाहतो; तसा भिक्षू केसांपासून आरंभ करून देहातील एकेक भाग पाहतो. सुत्तात ही यादी एकतीस भागांची आहे. खुद्दकपाठात मेंदू धरून ती बत्तीस झाली. या पाली यादीतील नावे आपल्या विज्ञानाच्या पुस्तकाशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत: हदय आणि हृदय, यकन आणि यकृत, पिहक आणि प्लीहा, पप्फास आणि फुप्फुस, वक्क आणि वृक्क, अन्त आणि आंत्र. मुलांना जे शब्द परीक्षेत अवघड वाटतात, ते त्यांच्या धम्मग्रंथांत त्यांची वाट पाहत बसलेले आहेत.

पाचव्या शतकात बुद्धघोषाचार्यांनी विसुद्धिमग्गात प्रत्येक भाग पाच तऱ्हांनी शिकण्यास सांगितले: त्याचा रंग, आकार, दिशा, स्थान आणि मर्यादा. सुसीनीसमोर साचा घेताना नेमके हेच पाच प्रश्न असले पाहिजेत. आचार्यांच्या उपमा सुरेख आहेत. हृदय म्हणजे बाहेरच्या पाकळ्या काढून उलटी धरलेली कमळाची कळी. वृक्क म्हणजे एकाच देठाला लागलेले दोन आंबे.

मात्र स्थानाविषयी लिहिताना आचार्य सांगतात की मानेच्या तळाशी उगम पावलेल्या जाड स्नायूने बांधलेले हे वृक्क हृदयाला वेढून असतात. हे बरोबर नाही. वृक्क छातीत नसतात. ते उदरपोकळीत मागच्या बाजूस, पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना असतात आणि उजवे डाव्यापेक्षा किंचित खाली असते. काही उपासकांना हे लिहिणे धिटाईचे वाटेल. आम्हांस ते धम्माला धरूनच वाटते. धम्म ‘एहिपस्सिक’ आहे, ये आणि पाहा असे म्हणणारा आहे; पाहिल्यावर जे दिसते ते सांगितलेच पाहिजे. आचार्यांसमोर उघडलेला देह बहुधा नव्हता, मागून आलेली परंपरा होती. आपल्या मुलांसमोर निदान प्लास्टिकचे धड तरी आहे.

म्हणून पालकांनी सुट्टीत मुलाकडून एक चित्र करवून घ्यावे. मानवी धडाची बाह्यरेषा काढून तिच्यात बत्तीसपैकी जे अवयव बसतील ते योग्य जागी, योग्य रंगात भरावेत. एका बाजूला पाली नाव लिहावे, दुसऱ्या बाजूला मराठी. वृक्क काढताना आचार्यांचे दोन आंबे जरूर आठवावेत, पण त्यांना वेगवेगळे देठ द्यावेत. प्रत्येक वृक्काच्या आतल्या खोलगट बाजूला तो देठ असतो आणि त्यातून एक धमनी आत जाते, एक नीला बाहेर येते, आणि मूत्रवाहिनी खाली उतरते.